नाकाची मोजणी

आमच्या वर्धा जिल्ह्यात "मला सायनस आहे" हे वाक्य "मला सर्दी आहे" इतक्याच सहजपणे बोलले जाते. डोके दुखले, सायनस. चार शिंका आल्या, सायनस. वास्तविक सायनस हे रोगाचे नावच नाही. कपाळात, गालांत, दोन्ही डोळ्यांच्या मधे आणि त्यामागे खोलवर, नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात आणि त्या तुम्हाआम्हा सर्वांनाच असतात. या पोकळ्यांचे अस्तर सुजले, त्यांची नाकात उघडणारी वाट बुजली आणि ही अवस्था १२ आठवड्यांच्या वर टिकली, म्हणजे डॉक्टर तिला जुनाट सायनसचा आजार म्हणतात.

माझ्या पत्नीने हा आजार वीसेक वर्षे अंगावर काढला. कापूस वेचायला जाणारी बाई. नाक बंद म्हणून तोंडाने श्वास, तोंड कोरडे, रात्री झोप नाही आणि पहाटे पुन्हा वावराची वाट. हळूहळू तिचा वास गेला. दूध करपले तरी कळेना. एकदा गॅसची नळी शेगडीपासून सुटली होती. ही तेथेच बसून भाजी निवडत होती आणि धावत आली ती शेजारीण. नाक वाहते ते लोकांना दिसते. वास गेलेला कोणाला दिसत नाही, म्हणून त्याला कोणी आजार मानत नाही.

२००९ साली एका खाजगी दवाखान्यात तिच्या "नाकातले मांस" काढून घेतले. हे मांस म्हणजे पॉलिप. सुजलेल्या अस्तरातून लोंबणारे, सोललेल्या द्राक्षासारखे दिसणारे कोंब. तीन वर्षे बरी गेली आणि मग ते पुन्हा वाढले. त्या ऑपरेशनचा जो कागद आम्हाला मिळाला त्यावर दोन ओळी होत्या आणि खाली गोळ्यांची नावे. आतले काय काढले, काय ठेवले, याचा एक शब्द नव्हता. आधी सीटी स्कॅन काढला होता का? काढला असेल तर फिल्म कोठे गेली? आजतागायत आम्हाला कळलेले नाही. पुढे डॉक्टरांनी हेच प्रश्न आम्हाला विचारले, तेव्हा त्या दोन ओळींच्या कागदाची किंमत कळली.

मधल्या काळात २०२१ उजाडले. करोनाची दुसरी लाट आणि तिच्या मागोमाग काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. महाराष्ट्रात या बुरशीने हाहाकार केला. ज्यांना मधुमेह होता, ज्यांना करोनात स्टेरॉईड द्यावे लागले, अशांच्या नाकात ती शिरे, तेथून सायनसमध्ये, तेथून डोळ्यात आणि मेंदूत. कित्येकांचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा. दुर्बिणीने नाकातून सडलेला भाग काढणे आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन देणे, हाच मुख्य उपाय होता. इंजेक्शनचा तुटवडा इतका की लोक गावोगाव फिरत होते. मे २०२१ मध्ये आपल्या वर्ध्याच्याच जेनेटिक लाईफ सायन्सेस या कंपनीने ते बनवायला घेतले, हे तेव्हाच्या बातम्यांत आपण वाचले असेल.

अशा दिवसांत पत्नीला करोना झाला आणि त्यातून उठल्यावर महिन्याभराने उजवा गाल ठणकू लागला. पवनारात कुजबुज सुरू झाली. मुलगी तर रडायलाच लागली. दवाखान्यात दुर्बिणीने तपासले, सीटी स्कॅन काढला. बुरशी निघाली नाही. जुनेच पॉलिप होते, पण आता सगळ्या पोकळ्या भरून बसलेले. आणि त्या स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी संगणकावर चित्र दाखवले. डोळा आणि नाकाच्या बाजूच्या पोकळ्या यांच्यात हाडाची एक भिंत असते. ती इतकी पातळ की तिच्या लॅटिन नावाचा अर्थच कागदी पापुद्रा असा आहे. जाडी मिलीमीटरचा एक अंश. पत्नीच्या उजव्या बाजूला त्या भिंतीला खिंडार पडलेले होते. शिवाय नाकाच्या आत हाडाच्या ज्या घड्या असतात, ज्यांच्या खुणेने सर्जन पुढे जातो, त्यातली मधली घडी मागच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक नाहीशी झाली होती. "काकू, पहिल्यांदा आत जाणाऱ्याला रस्त्यावर पाट्या असतात. तुमच्या नाकातल्या पाट्या निघून गेल्या आहेत," असे त्या म्हणाल्या. बाजूला डोळा, वर मेंदू, मागे डोळ्याची नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी. ऑपरेशन करावेच लागणार होते, पण नेव्हिगेशनचे यंत्र असेल तेथे करा, असा त्यांचा सल्ला पडला.

नेव्हिगेशन म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले ते माझ्या डोक्यात चटकन शिरले. कारण माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात शिपाई म्हणून मोजणीचा टेबल आणि साखळी वाहण्यात गेली. पवनारच्या माणसाला जमिनीची भाषा नवी नाही. १९५१ साली याच धाम नदीकाठच्या आश्रमातून पायी निघालेल्या विनोबांना तेलंगणात पोचमपल्लीला पहिली जमीन दानात मिळाली. दान झालेली असो की भांडणातली, जमीन शेवटी मोजावीच लागते.

मोजणी कशी होते? भूकरमापकाकडे नकाशा असतो. पण नकाशा कागदावर आणि शेत जमिनीवर. दोघांची गाठ कशी घालायची? तर नकाशात असलेले आणि जमिनीवरही शाबूत असलेले पक्के दगड शोधायचे. तीन दगड जुळले की नकाशा जमिनीवर बसला. मग कोठेही झेंडी रोवा, ती नकाशावर कोठे येते ते सांगता येते.

नाकाच्या यंत्राचे काम अगदी असेच चालते. नकाशा म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन. रोग्याला भूल दिल्यावर कपाळावर एक पट्टा किंवा चकती बसवतात, म्हणजे डोके हलले तरी यंत्राला कळावे. मग सर्जन नाकाचा शेंडा, भुवयांमधली खाच, डोळ्यांचे कोपरे अशा पक्क्या खुणांना सळई लावतो किंवा चेहऱ्यावरून ती फिरवतो, आणि संगणक तो चेहरा स्कॅनमधल्या चेहऱ्यावर बसवतो. दगड जुळले! यानंतर सळईचे टोक नाकात कोठेही असो, पडद्यावर स्कॅनच्या चित्रात त्या जागी फुली दिसते. काही यंत्रांत हे टोक अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने ओळखले जाते, काहींत चुंबकीय क्षेत्राने. लोक याला मोटारीतल्या जीपीएसची उपमा देतात. उपमा ठीक आहे, पण आकाशातल्या उपग्रहाचा येथे काडीचाही संबंध नाही.

हे सगळे एका दिवसात झालेले नाही. सीटी स्कॅनचे यंत्र गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरने बनवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याचा स्कॅन झाला. ते नोकरीला होते ईएमआय कंपनीत. होय, जिच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या आपण ऐकल्या, तीच कंपनी. १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नाकात दुर्बीण घालून ही वाट नेमकी कोठे बुजते याचा कसून अभ्यास ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात मेसरक्लिंगर यांनी केला. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत केनेडी यांनी त्यावर आधारलेले ऑपरेशन रूढ केले. सरसकट खरवडून काढण्याऐवजी बुजलेली वाट मोकळी करायची, अस्तर राखायचे, हा त्यामागचा विचार. आणि संगणकाचा नकाशा नाकाच्या ऑपरेशनला जोडण्याचा प्रयोग १९८० च्या दशकात जर्मनीतील आखेन येथे झाला.

आता आमच्या घरातली गोष्ट. एका रुग्णालयाने नेव्हिगेशनचे वेगळे पैसे सांगितले. आकडा ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. घरी दीड एकर कोरडवाहू आहे. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, यंत्राशिवाय करूच नका, पाहिजे तर वावर गहाण टाका." मेहुण्याचे उलटे, "पूर्वी काय यंत्रं होती का? लोकं बरे नाही झाले का?" महिला मंडळातल्या बायांनी तर ऑपरेशनच नको म्हटले, कोणाच्या तरी काढ्याचे नाव सांगितले. पत्नी सगळ्यांचे ऐकून घ्यायची. एका रात्री ती मला म्हणाली, "अजी, माह्या वास नाही आला तरी चालते. पण डोया गेला तर मी कापूस कशी वेचू? अन् वावर गेलं तर कोठचा वेचू?" तिच्या या दोन प्रश्नांपुढे मला झोप लागली नाही.

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सरळ विचारले, "यंत्र नसेल तर डोळा जाईल का?" त्यांनी जे उत्तर दिले ते आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या की, सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गंभीर इजा होण्याचे प्रमाण मुळातच शंभरात एकाच्या आसपास आहे. ते इतके कमी असल्यामुळे यंत्राने ते आणखी किती घटते हे निर्विवाद सिद्ध करायला हजारो रोग्यांची काटेकोर तुलना करावी लागेल. अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा अवघड रोग्यांमध्ये फायदा दिसतो, पण "यंत्र म्हणजे धोका शून्य" असे कोणी म्हणत असेल तर तो विकतो आहे, समजावत नाही. पहिलेच ऑपरेशन, रोग थोडा, खुणा जागेवर, अशा नाकाला बहुधा यंत्राची गरज नसते. दुसऱ्यांदा ऑपरेशन, खुणा गेलेल्या, पॉलिप सगळीकडे, रोग कपाळाच्या किंवा अगदी मागच्या पोकळीत, अथवा डोळ्याला व मेंदूच्या तळाला भिडलेला, अशा ठिकाणी ते कामाचे. पत्नीचे नाक या दुसऱ्या वर्गात बसत होते. "पण काका," त्या पुढे म्हणाल्या, "यंत्र आणि कच्चा हात यापेक्षा मी पक्का हात निवडीन. दोन्ही एका ठिकाणी मिळतील असे बघू."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. हे यंत्र चांगले जुळले तरी १ ते २ मिलीमीटर चुकू शकते. आणि डोळ्याची ती भिंत? तिची जाडी त्याहून कितीतरी कमी. म्हणजे धुरा चार बोटांचा आणि मोजणीची चूक हातभर! अशा वेळी नुसत्या फुलीवर भरवसा ठेवून कापता येत नाही. शिवाय स्कॅन हा आधी काढलेला. ऑपरेशन चालू असताना पॉलिप निघून जातो, तरी पडद्यावर तो तसाच दिसत राहतो. आमच्या धामच्या काठावर मी हे पाहिले आहे. पुराने काठ खाल्ला, शेताचा कोपरा वाहून गेला, आणि नकाशात शेत पूर्वीइतकेच भरलेले. नकाशा खोटा नसतो, जुना असतो.

पैशाचा मार्ग निघाला तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून जोतीबांच्या नावाने चालणारी हीच ती योजना. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्यासमोर बसावे, आपले ऑपरेशन यादीत आहे का आणि कोणत्या गोष्टीचे पैसे खिशातून द्यावे लागतील, हे भरती होण्यापूर्वी विचारून घ्यावे. आम्हाला चार चकरा पडल्या. एकदा नावातल्या वेलांटीवरून परत पाठवले. तरीही नागपूरच्या एका शिकवण्याच्या रुग्णालयात ऑपरेशन योजनेत बसले आणि तेथे यंत्रही होते. वावर जागेवर राहिले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑपरेशन झाले. आधी काही दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या देऊन पॉलिप आक्रसवले, कारण रक्त जितके कमी तितके दुर्बिणीतून दिसते चांगले. साडेतीन तास मी बाहेरच्या बाकावर होतो. ते तास कसे गेले हे लिहीत नाही. ज्यांनी काढले त्यांना ठाऊक आहे.

नंतर सर्जनसाहेबांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना दाखवताना मलाही ऑपरेशनचे चित्रण दाखवले. मोजणी खात्यात होतो असे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्हाला यांच्यापेक्षा लवकर कळेल." पडद्याचे चार भाग होते. तिघांत स्कॅनची तीन बाजूंनी काढलेली चित्रे, चौथ्यात दुर्बिणीतले जिवंत दृश्य. सळई सरकली की तिन्ही चित्रांत फुली सरके. मध्येच एका ठिकाणी साहेब थांबले. दुर्बिणीत सळई एका हाडाला टेकलेली दिसत होती आणि फुली मात्र हाडाच्या जरा पलीकडे. त्यांनी सगळे बाहेर काढले, नाकाच्या शेंड्याला सळई लावली. तेथेही फरक. कपाळावरचा पट्टा किंचित सरकला होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दगड जुळवले. दहा मिनिटे गेली. यंत्राला उलटतपासणारा माणूस मला तेव्हा पहिल्यांदा दिसला, आणि आमच्या खात्यातले जुने भूकरमापक आठवले, जे टेबल हलला असा नुसता संशय आला तरी पहिल्या दगडाकडे परत चालत जायचे.

पुढे ते खिंडार आले. पडद्यावर फुली भिंतीवरच. समोर पिवळसर गोळा, पॉलिप की डोळ्याभोवतीची चरबी? त्यांनी सहायकाला सांगितले, डोळा दाबा. ऑपरेशनभर डोळे झाकलेले नसतात ते यासाठीच. सहायकाने बंद पापणीवरून बोटाने डोळा हळूच दाबला आणि आत दुर्बिणीत तो गोळा हलला. पॉलिप हलला नसता. तो डोळ्याचा भाग होता, यंत्र काहीही दाखवो. त्याला हात न लावता ते बाजूने गेले. लाखो रुपयांच्या यंत्राचे काम त्या क्षणी एका बोटाने केले. तरी त्या जागेच्या जवळ आलो आहोत, आता सावध, हे सांगितले होते यंत्रानेच.

घरी सोडताना नर्सबाईंनी सांगितलेले येथे लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. काही आठवडे नाक जोराने शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, नजर कमी झाली, नाकातून स्वच्छ पाण्यासारखी धार लागली, खूप रक्त आले, डोके फार दुखून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत यायचे. दमा असेल, अ‍ॅस्पिरिनने किंवा दुखण्याच्या गोळीने कधी धाप लागली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचे. पॉलिपच्या काही रोग्यांत या गोष्टी एकत्र असतात.

या वेळी मी कागद मागून घेतले. मोजणी झाली की 'क' प्रत घेतल्याशिवाय शेतकरी उठत नाही, मग ऑपरेशनची प्रत का सोडावी? स्कॅनची सीडी, तिचा अहवाल, काय काढले व काय ठेवले याची सविस्तर नोंद, काढलेल्या भागाच्या तपासणीचा निकाल, सगळे मागितले. कोणी नाही म्हटले नाही. थोडे थांबावे लागले इतकेच. हे सर्व आता सातबाऱ्याच्या पिशवीत आहे. पिशवी कोठे आहे हे मुलीला माहीत आहे.

आणि ऑपरेशनने रोग मुळापासून गेला, असेही नाही. पॉलिप पुन्हा येऊ शकतात. ऑपरेशनने वाट मोकळी होते, म्हणजे औषध आतपर्यंत पोहोचते. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुणे आणि स्टेरॉईडचा फवारा, हे दोन्ही चालू आहे. पहिल्या महिन्यात तिने टाळाटाळ केली. आता सकाळी मोरीपाशी तिचा तो खळखळ आवाज झाला की शेजारी उठतात. वास पूर्ण आला नाही. कांदा फोडणीला टाकला की कळतो. गॅस कळतो, हे आम्ही डॉक्टरांच्या समोर बाटलीने नाही, घरी शेगडीपाशी उभे राहून तपासले. मातीवरच्या पहिल्या पावसाचा वास अजून येत नाही, असे ती म्हणते. डोळा चांगला आहे. गेल्या हंगामात तिने कापूस वेचला. मागच्या तपासणीत डाव्या बाजूला, जेथे भिंत शाबूत आहे, एक लहानसा कोंब दिसला. फवारा वाढवून दिला आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.